नाशिक शहर पोलीस भरती आणि नोकरी: मैदानावर रोज विचारले जाणारे प्रश्न

शहर पोलीस दलात तीसेक वर्षं काढून सहायक पोलीस उपनिरीक्षक म्हणून निवृत्त झालो. आता पहाटे गोल्फ क्लबवर (कागदोपत्री नाव हुतात्मा अनंत कान्हेरे मैदान, पण रिक्षावाल्याला तसं सांगून बघा) फेऱ्या मारतो. भरतीची तयारी करणारी पोरंपोरी तिथंच पळत असतात. चौथ्या फेरीला कुणीतरी गाठतंच, "काका, एक विचारू?" प्रश्न साधारण तेच असतात, म्हणून भाचीनं सुचवलं की एकदा लिहूनच टाका. भरतीची जाहिरात दरवेळी थोडीफार बदलते. अर्ज भरताना माझं नाही, समोरच्या जाहिरातीचं ऐकायचं.

शहर पोलीस आणि ग्रामीण पोलीस एकच ना?

नाही. अर्ध्या पोरांचा गोंधळ इथूनच सुरू होतो. नाशिक शहराला पोलीस आयुक्तालय आहे. भद्रकाली, सरकारवाडा, पंचवटी, गंगापूर, मुंबई नाका, सातपूर, अंबड, इंदिरानगर, म्हसरूळ, आडगाव, उपनगर, नाशिकरोड, देवळाली कॅम्प ही ठाणी आयुक्तांच्या हाताखाली येतात. सिन्नर, इगतपुरी, निफाड, मालेगाव हा बाकीचा जिल्हा पोलीस अधीक्षकांकडे, म्हणजे नाशिक ग्रामीणकडे. त्र्यंबकेश्वरसुद्धा ग्रामीणमध्येच. गंमत अशी की ग्रामीणच्या अधीक्षकांचं कार्यालय आडगावला, शहराच्या अंगणात आहे. दरवेळी कुणीतरी चुकीच्या गेटवर जाऊन उभं राहतं.

फरक नुसता हद्दीचा नाही. आयुक्तालयात काही दंडाधिकारी अधिकार पोलिसांकडेच असतात. ग्रामीणमध्ये गुंडाला तडीपार करायचं तर प्रस्ताव महसूल खात्याच्या प्रांताधिकाऱ्याकडे जातो, शहरात पोलीस उपायुक्तच आदेश काढतात. जमावबंदीचा हुकूमही आयुक्तालयातून निघतो. त्याची अंमलबजावणी मात्र चौकात उभ्या असलेल्या शिपायालाच करायची असते.

एका पदासाठी एकाच घटकात (म्हणजे एकाच आयुक्तालयात किंवा एकाच जिल्ह्यात) अर्ज करता येतो. दोन्हीकडे भरून ठेवू, जिथं जमेल तिथं जाऊ, हे चालत नाही. अर्ज बाद होतो.

शिपाई व्हायला काय पात्रता लागते?

बारावी उत्तीर्ण, शाखा कुठलीही. वय खुल्या प्रवर्गाला १८ ते २८, मागास प्रवर्गाला ३३ पर्यंत. चालक शिपायासाठी वयाची सुरुवात १९ पासून, आणि वाहन परवाना हवाच. महाराष्ट्राचा अधिवास दाखला लागतो. अर्जाचं शुल्क खुल्याला ४५० रुपये, मागास प्रवर्गाला ३५०.

उंची पुरुषांना किमान १६५ सेंटीमीटर, महिलांना १५५. पुरुषांची छाती न फुगवता ७९ सेंटीमीटर आणि फुगवून त्यात ५ सेंटीमीटरची वाढ.

लग्न झालेल्यांनी लहान कुटुंबाची अट डोक्यात ठेवावी. २८ मार्च २००६ नंतर जन्मलेल्या मुलामुळे अपत्यांची संख्या दोनच्या वर गेली असेल तर सरकारी नोकरीचं दार बंद.

महिलांना ३० टक्के समांतर आरक्षण (म्हणजे प्रत्येक प्रवर्गाच्या जागांमधूनच) आहे. माजी सैनिक, खेळाडू, प्रकल्पग्रस्त, भूकंपग्रस्त, होमगार्ड, पोलीस पाल्य, अनाथ यांनाही वेगवेगळ्या टक्क्यांनी आहे. इथं बहुतेकजण हरतात ते कागदात. क्रीडा प्रमाणपत्राची पडताळणी झालेली नसते, नॉन-क्रिमीलेअरची तारीख उलटून गेलेली असते. पळायला सुरुवात करायच्या आधी सेतू केंद्राची एक चक्कर मारा.

उंची एक सेंटीमीटर कमी भरते. काही होईल का?

१६५ म्हणजे १६५. कुणाच्या ओळखीनं ती वाढत नाही. पण उंची दिवसभरात बदलते हे खरं. रात्रभर आडवं पडलं की मणक्यांमधल्या गाद्या फुगतात आणि सकाळी माणूस जवळजवळ सेंटीमीटरभर उंच भरतो, संध्याकाळपर्यंत परत दबतो. म्हणून अगदी काठावर असाल तर आदल्या रात्री एसटीत बसून, मैदानाबाहेर फुटपाथवर रात्र काढून सकाळी मापाला उभं राहू नका. झोपा. टाचा टेकलेल्या, मान सरळ, केसांचा अंबाडा किंवा फुगा नको.

मैदानी चाचणीत नेमकं काय असतं?

एकूण ५० गुण. पुरुषांना १६०० मीटर धावणे (२० गुण), १०० मीटर (१५) आणि गोळाफेक (१५). महिलांना १६०० च्या जागी ८०० मीटर, बाकी गुण तेच. गोळा पुरुषांना ७.२६० किलोचा, महिलांना ४ किलोचा. पैकीच्या पैकी गुण हवे असतील तर १६०० मीटर ५ मिनिटं १० सेकंदांत मारावं लागतं, १०० मीटर साडेअकरा सेकंदांत, आणि गोळा साडेआठ मीटरवर टाकावा लागतो. मुलींना ८०० मीटरसाठी २ मिनिटं ५० सेकंद.

मैदानात निम्मे गुण मिळवणं सक्तीचं. त्यातून प्रवर्गनिहाय एका जागेला दहा जण या प्रमाणात लेखीला बोलावतात. म्हणजे २५ गुण मिळाले की सुटलो असं समजू नका. लेखीला बोलावणं येईल असा आकडा प्रत्यक्षात बराच वर असतो.

आता माझं निरीक्षण. पोरं १६०० मीटरच्या मागे हात धुऊन लागतात आणि गोळ्याला शेवटचे पंधरा दिवस देतात. गोळा खांद्याच्या जोरावर जात नाही, तो पायातून आणि कमरेतून जातो. हे वळण अंगात मुरायला तीन-चार महिने लागतात. वजनाचा अंदाज यावा म्हणून घरामागे दगड फेकणारी पोरं मी पाहिलीत. त्यांची मनगटंच दुखावतात. एकत्र वर्गणी काढून खरा गोळा घ्या.

आणि इंजेक्शन, गोळ्या, 'काहीतरी ताकदीचं' घेऊ नका. उत्तेजक द्रव्य सापडलं तर भरतीतून बाद व्हाल ते वेगळंच, पण भरतीच्या धावण्यात जीव गमावलेली पोरं या राज्यानं पाहिली आहेत.

लेखी परीक्षा अवघड असते का?

१०० गुण, ९० मिनिटं, मराठीतून. अंकगणित, बुद्धिमत्ता चाचणी, मराठी व्याकरण, सामान्य ज्ञान आणि चालू घडामोडी. ४० टक्क्यांच्या खाली गेलात तर अपात्र. अवघड म्हणाल तर नाही, पण वेळ पुरत नाही. मराठी घरची भाषा म्हणून तिच्याकडे दुर्लक्ष करतात आणि समास, प्रयोग, विरामचिन्हं यांत गुण घालवतात. हेच व्याकरण पुढे फिर्याद लिहिताना कामाला येतं, ते खाली सांगतो.

बारावीवर शिपाई होऊ, की पदवी करून थेट पीएसआय?

घरची परिस्थिती बघून ठरवा, ईर्ष्येनं नको. पोलीस उपनिरीक्षकाची परीक्षा राज्य लोकसेवा आयोग घेतो. त्याला पदवी लागते, पूर्व, मुख्य, शारीरिक आणि मुलाखत असे टप्पे असतात, आणि निकाल लागेपर्यंत दोन-तीन वर्षं सहज जातात. उपनिरीक्षकांच्या जागांपैकी ५० टक्के अशा सरळसेवेनं, २५ टक्के खात्यांतर्गत मर्यादित परीक्षेनं आणि २५ टक्के पदोन्नतीनं भरतात. म्हणजे शिपाई होऊनही खात्यांतर्गत परीक्षेची वाट मोकळी राहते. माझ्या तुकडीतला एकजण रात्रपाळीत ठाण्याच्या मागच्या खोलीत अभ्यास करून फौजदार (म्हणजे उपनिरीक्षक) झाला. आम्ही तेव्हा त्याच्या चहात साखर जास्त टाकून चिडवायचो. पुढं त्यालाच सॅल्यूट ठोकला.

क्रम असा: शिपाई, हवालदार, सहायक उपनिरीक्षक, उपनिरीक्षक, सहायक निरीक्षक, निरीक्षक, सहायक आयुक्त, उपायुक्त आणि सगळ्यांत वर आयुक्त. पूर्वी शिपाई आणि हवालदार यांच्या मधे पोलीस नाईक असायचे. ते पद २०२२ मध्ये गेलं. लोक मात्र अजून 'नाईकसाहेब' म्हणतात.

माझ्यावर एक किरकोळ केस आहे. लपवू का?

लपवू नका. निवडीनंतर साक्षांकन नमुना (आपली सगळी माहिती, केस-खटल्यांसकट, लिहायचा फॉर्म) भरून द्यावा लागतो आणि चारित्र्य पडताळणीत सगळं बाहेर येतं. गणपतीच्या वर्गणीवरून झालेली मारामारी, त्यातून निर्दोष सुटका, हे लिहिलं तर त्याचा विचार होऊ शकतो. सर्वोच्च न्यायालयानं २०१६ च्या अवतार सिंग प्रकरणात हेच सांगितलं: गुन्ह्याचं स्वरूप बघून निर्णय घ्या. पण लपवलेलं सापडलं की गुन्हा किरकोळ असूनही नेमणूक जाऊ शकते.

महाराष्ट्र पोलीस अकादमी नाशिकमध्येच आहे. म्हणजे प्रशिक्षण घराजवळ?

दरवर्षी निदान दहा जण हा प्रश्न विचारतात. त्र्यंबक रोडची अकादमी अधिकाऱ्यांसाठी, उपनिरीक्षकांची दीक्षांत संचलनं तिथं होतात. मूळ प्रशिक्षण शाळा १९०६ मध्ये पुण्याला भांबुर्ड्यात सुरू झाली आणि १९०९ मध्ये नाशिकला आली. शिपायाला मात्र राज्यातल्या इतर प्रशिक्षण केंद्रांवर पाठवतात: नानवीज, खंडाळा, जालना, धुळे, अकोला, कुठंही. कवायत, शस्त्र, कायदा, आणि पहिल्या महिन्यात रात्री गुपचूप रडणं. सगळेच रडतात.

ठाण्यात रुजू झाल्यावर नेमकं काम काय?

इथं जरा थांबतो, कारण हा प्रश्न सगळ्यांत कमी विचारला जातो. पोरांच्या डोक्यात पाठलाग, लाठी आणि बुलेट असते. प्रत्यक्षात पहिली पाच वर्षं तुम्ही उभे असता, लिहीत असता, नाहीतर कुणाची तरी वाट बघत असता.

सकाळी हजेरी होते आणि ड्युटी वाटतात. कुणी ठाणे अंमलदाराच्या मदतीला. ठाणे अंमलदार म्हणजे तक्रार घेऊन येणारा माणूस ज्याच्या टेबलासमोर पहिल्यांदा बसतो तो. कुणी बीट मार्शल म्हणून दुचाकीवर, ११२ ला कॉल आला की तो ज्याच्याकडे वळतो तो. कुणी समन्स-वॉरंट बजावायला. सिडकोच्या एकसारख्या गल्ल्यांत घर क्रमांक शोधत फिरणं ही स्वतंत्र विद्या आहे. कुणी आरोपीला घेऊन कोर्टात, कुणी आरोपी सिव्हिल हॉस्पिटलला दाखल म्हणून त्याच्या खाटेशेजारी पहाऱ्यावर, आमच्या भाषेत 'पार्टीवर'. मुद्देमाल कारकुनाच्या हाताखाली पडलात तर चोरीच्या सायकली, कोयते आणि दारूच्या बाटल्यांना लेबलं लावायची. पासपोर्ट पडताळणी, गोपनीयचं काम, वाहतूक शाखा, नाकाबंदी, रात्रगस्त हे सगळं वाट्याला येतं. जरा चुणूक दिसली की गुन्हे शोध पथक, ज्याला सगळे डीबी म्हणतात. सगळ्यांना तिथंच जायचं असतं.

नुसतं बोलूनच मिटवायची भांडणं तर रोजची. पार्किंगवरून, पाण्याच्या मोटरवरून, जावाजावांची. एकदा दोन भाऊ वडिलांच्या एका पितळी घंगाळावरून ठाण्यात आले. तीन तास ऐकून घेतलं. शेवटी घंगाळ बहिणीला द्यायचं ठरलं. ती आलीच नव्हती.

कायद्यानं बघाल तर महाराष्ट्र पोलीस अधिनियम, १९५१ च्या कलम ६४ मध्ये कर्तव्यांची यादी आहे. समन्स बजावणं, गुन्ह्यांची माहिती काढणं, गुन्हा होऊ न देणं. कलम २८ म्हणतं की पोलीस कायम कर्तव्यावरच समजायचा. बायकोला हे कलम समजावून सांगणं मला आजवर जमलेलं नाही.

शिपाई गुन्ह्याचा तपास करू शकतो का?

आमच्या काळी तपास हवालदारापासून वर. शिपाई मदतनीस. २०२५ मध्ये शासनानं पदवीधर, सात वर्षं सेवा झालेल्या आणि नाशिकच्या गुन्हे अन्वेषण प्रशिक्षण विद्यालयातून प्रशिक्षण घेऊन परीक्षा उत्तीर्ण झालेल्या शिपायांना ठरावीक गुन्ह्यांच्या तपासाचा मार्ग मोकळा केला. म्हणून नोकरी लागली तरी मुक्त विद्यापीठातून पदवी पूर्ण करा. ते विद्यापीठही गंगापूर धरणाच्या वाटेवर, गोवर्धनलाच आहे.

कायदा किती यावा लागतो?

१ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता, भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आणि भारतीय साक्ष अधिनियम लागू झाले. माझी ३०२, ४२० पाठ असलेली पिढी एका रात्रीत अडाणी झाली. तुम्ही कोऱ्या पाटीनं येताय, हे तुमचं नशीब.

निदान एवढं तोंडपाठ हवं. दखलपात्र गुन्ह्याची खबर आली तर ती नोंदवायचीच, आणि फिर्यादीला प्रत मोफत द्यायची. गुन्हा दुसऱ्या हद्दीतला असला तरी शून्य क्रमांकानं नोंदवून तिकडं पाठवायचा. "हे आमच्या हद्दीत येत नाही, तुम्ही इंदिरानगरला जा" असं म्हणून माणसाला रात्री साडेअकराला हाकलायचं नाही. ऑनलाइन तक्रार आली तर फिर्यादीनं तीन दिवसांत येऊन सही करायची. अटक केलेल्याला २४ तासांच्या आत न्यायालयापुढं उभं करायचं. महिलेला सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयापूर्वी अटक करायची नाही. अपवादात्मक परिस्थितीतच, महिला अधिकाऱ्यानं, दंडाधिकाऱ्याची परवानगी घेऊन. झडती-जप्तीचं चित्रीकरण करायचं. सात वर्षं किंवा जास्त शिक्षेच्या गुन्ह्यात न्यायवैद्यक पथकाला घटनास्थळी बोलवायचं, ते येईपर्यंत कुणाला आत फिरकू द्यायचं नाही. हे शेवटचं काम शिपायाचं. शेजारच्या काकू, नगरसेवक, पत्रकार, सगळ्यांना दारातच थोपवून धरायचं, तेही उद्धट न होता.

आता ते व्याकरण. नोकरीच्या सुरुवातीला मी एका पंचनाम्यात 'दरवाजा आतून बंद होता' ऐवजी 'आत बंद होता' लिहिलं. वकिलानं कोर्टात त्यावर वीस मिनिटं घेतली. साहेब नंतर काही बोलले नाहीत, नुसतं बघितलं. त्यापेक्षा शिव्या परवडल्या असत्या.

बंदोबस्त म्हणजे काय एवढं? उभंच तर राहायचं असतं.

वाकडी बारवेपासून निघणाऱ्या विसर्जन मिरवणुकीत एकदा उभं राहून दाखवा. दुपारी सुरू झालेलं काम मध्यरात्र उलटली तरी संपत नाही. दोन मंडळांच्या ढोलपथकांमधलं अंतर राखायचं, पुढचं मंडळ हलत नाही, मागचं थांबत नाही. नाशिकला याशिवाय रंगपंचमीच्या पेशवेकालीन रहाडी आहेत. जुन्या नाशकातल्या त्या रंगाच्या हौदांत पोरं उड्या मारतात आणि गर्दी बोळात कोंबलेली असते. नवरात्रात कालिकेची यात्रा, चैत्रात काळारामाचा रथ. पावसाळ्यात गंगापूर धरणातून पाणी सोडलं की गोदाघाटावर लोकांना मागं सारायचं. घाटावरच्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीला कुठवर पाणी आलं हे बघायला अख्खं शहर येतं, आणि प्रत्येकाला सेल्फी हवा असतो.

आणि सिंहस्थ. पुढचा कुंभ तोंडावर आहे, पहिलं अमृतस्नान २ ऑगस्ट २०२७ ला. २७ ऑगस्ट २००३ ला इथं चेंगराचेंगरी झाली, तीसहून जास्त भाविक गेले. त्या धास्तीनं २०१५ च्या पहिल्या पर्वणीला (मुख्य स्नानाच्या दिवशी), २९ ऑगस्टला, बंदोबस्त इतका आवळला की लोकांना कित्येक किलोमीटर पायपीट झाली आणि रस्ते ओस पडले. पुढच्या पर्वण्यांना तो सैल केला. गर्दीत दोरी किती ओढायची हे कुठल्याही पुस्तकात नाही. रामकुंडाकडं उतरणाऱ्या पायऱ्यांवर उभं राहिल्यावर ते पाठीला कळतं. मागून येणारा रेटा छातीला लागायच्या आधी आवाज बदलतो, बोलण्याचा गलका दबका होतो. तसं झालं की ताबडतोब वायरलेसवर वरच्या पॉइंटला सांगायचं, "माणसं थांबवा." आपण खाली हात पसरून काही होत नाही.

पगार किती?

सातव्या वेतन आयोगात शिपायाची वेतनश्रेणी २१,७०० ते ६९,१०० आहे, उपनिरीक्षकाची ३८,६०० ते १,२२,८००. त्यावर महागाई भत्ता, घरभाडे वगैरे. पदोन्नती रखडली तरी १०, २० आणि ३० वर्षांनी आश्वासित प्रगती योजनेचा लाभ मिळतो. घर चालतं. गंगापूर रोडला फ्लॅट होत नाही.

मुलींना ठाण्यात बसवूनच ठेवतात का?

पूर्वी ठेवायचे, हे खरं. आता बीट मार्शल, वाहतूक, गुन्हे शाखा, सगळीकडं मुली आहेत. उलट त्यांच्यावर काम जास्तच पडतं, कारण पीडितेचा जबाब, महिला आरोपीची झडती, वैद्यकीय तपासणीला सोबत, यांसाठी महिला अंमलदार लागतेच आणि प्रत्येक पाळीत त्या पुरेशा नसतात. बंदोबस्तात स्वच्छतागृहाचं काय, हा प्रश्न मुली दबक्या आवाजात विचारतात. तो मोठ्यानं विचारायला हवा. तीस वर्षांत मी त्याला समाधानकारक उत्तर दिलं गेलेलं पाहिलं नाही.

तृतीयपंथी उमेदवारांनाही अर्ज करता येतो. उच्च न्यायालयानं डिसेंबर २०२२ मध्ये शासनाला तशी सोय करायला लावली.

एकजण म्हणतो, पैसे दिले तर काम होईल.

१०६४. लाचलुचपत प्रतिबंधक विभागाचा नंबर आहे.

बदली होते का? घर सोडावं लागेल?

शिपायाची बदली बहुधा आयुक्तालयाच्या आतच होते, आज सातपूर, उद्या उपनगर. दुसऱ्या जिल्ह्यात मागून घेता येते, पण तिथं ज्येष्ठतेच्या यादीत तळाला जावं लागतं. फौजदार झालात की अख्खा महाराष्ट्र तुमचा.

हा प्रश्न मुलीचे वडील विचारतात: जावई शहर पोलिसात आहे, स्थळ कसं वाटतं?

नोकरी पक्की आहे, पोरगा रोज पळतो, कागदपत्रं सरकारनंच तपासलेली आहेत. फक्त लग्नाची तारीख काढताना गणपती, नवरात्र, निवडणूक आणि २०२७ चा पावसाळा टाळा. आमच्या लग्नात मी पंगतीतून उठून ड्युटीवर गेलो होतो. सासऱ्यांनी त्यानंतर सहा महिने मला 'साहेब' म्हणून हाक मारली, आणि त्यात आदर अजिबात नव्हता.